टिश्यू पेपर कसा बनते, त्यातले शोध कोणते, आणि आपल्या गावात त्यातलं काय जमेल?

शेवंती_कळंब
राम राम मंडळी. आमचा महिला बचत गट आहे, यवतमाळ जिल्ह्यात कळंबच्या बाजूला. पापड, कुरडया, शेवया चालू आहेत. आता गटातल्या पोरी म्हणतात, पेपर नॅपकिनचं मशीन घेऊ. नागपूर-तुळजापूर रस्त्यावर ढाबे वाढले, लग्नसराईत केटररवाल्यांना पोत्यानं नॅपकिन लागतात, गिऱ्हाईक आहे.

मशीनवाल्याकडे जाऊन मशीन पाहून आलो. एका बाजूने मोठा रोल जाते, दुसऱ्या बाजूने नक्षी उमटलेले, घडी घातलेले नॅपकिन बाहेर. मी विचारलं, हा रोल कुठे बनते? तो म्हणाला, "ताई, रोल आम्ही देऊ, तुम्ही त्याच्या मागे लागू नका." आणि माझं मन तिथंच अडकलं.

आम्ही कापूस विकतो, पऱ्हाटी चुलीत घालतो. कागद चिंध्यांचाही होते, बांबूचाही होते. मग टिश्यू आपल्या मालातून काहून नाही? साध्या कागदात नाही असा कोणता शोध या कागदात आहे? तो मऊ कसा होते? एक नॅपकिन ओला झाला की फाटते अन् दुसरा टिकते, असं का? मशीनबद्दलही सांगा, पण आधी कागदाबद्दल सांगा.

तर्रीबाज
ताई, प्रश्न लाखमोलाचा. नागपुरात तर्री पोहे खाऊन तोंड पुसलं की अर्धा नॅपकिन हातात अन् अर्धा गिऱ्हाइकाच्या मिशीत. कोणी जाणकार असेल तर आधी मिशीवाल्यांची सोय पाहा राजेहो.

कागदकाका
शेवंतीताई, चंद्रपूर जिल्ह्यात कागद कारखान्यात मशीन फ्लोअरवर माझी नोकरी झाली, आता निवृत्त आहे. आमचा कागद लिहिण्या-छापण्याचा. मधली काही वर्षं मात्र दुसऱ्या राज्यात टिश्यूच्या मशीनवर होतो, त्यामुळे दोन्ही कागद हाताखालून गेले आहेत.

सुरुवात दोघांची सारखी. लगदा पाण्यात इतका पातळ करायचा की शंभर भागांत अर्धा भागही तंतू नसावा. हे पाणी पळत्या जाळीवर सोडायचं. पाणी गळून जातं, जाळीवर ओला पापुद्रा राहतो. पूर्वी हे काम साच्यात एकेक ताव काढून हाताने व्हायचं. सलग पळणाऱ्या जाळीवर कागद काढायच्या यंत्राचं पेटंट फ्रान्सच्या निकोला-लुई रोबेरने १७९९ मध्ये घेतलं. पुढे इंग्लंडमध्ये फोर्ड्रिनिअर बंधूंनी त्यात पैसा ओतला, म्हणून यंत्राला नाव त्यांचं लागलं, रोबेरचं नाही. मला याचं कायम वाईट वाटत आलं आहे.

फरक पडतो सुकवताना. लिहिण्याचा कागद वाफेच्या पुष्कळ सिलिंडरांवरून फिरत फिरत सुकतो. टिश्यूला एकच राक्षसी सिलिंडर, त्याला यँकी ड्रायर म्हणतात. मोठ्या कारखान्यात त्याचा व्यास साडेपाच मीटरही असतो. आतून वाफ, वरून गरम हवेचा हूड. ओला कागद त्याला चिकटून बसावा म्हणून सिलिंडरवर मुद्दाम चिकट रसायन फवारतात. नवी मशीन मिनिटाला २००० मीटरपर्यंत पळते. हिशेब करा: साडेपाच मीटर व्यास म्हणजे परीघ सव्वासतरा मीटर, म्हणजे सिलिंडरची एक फेरी साधारण अर्ध्या सेकंदाची. कागद पूर्ण फेरीभरही चिकटलेला नसतो. तेवढ्यात सुकतो.

आता खरी गोष्ट. सुकलेला कागद सिलिंडरवरून सोडवायला स्टीलची पातळ पट्टी टेकवलेली असते, डॉक्टर ब्लेड. दुधाच्या पातेल्याची खरवड उलथन्याने काढताना ती पुढे चुणत जाते ना, तसा कागद त्या पट्टीवर आदळून चुणतो आणि त्याला हजारो बारीक आडव्या सुरकुत्या पडतात. यालाच क्रेपिंग म्हणतात. पुढे गुंडाळणारा रोल सिलिंडरपेक्षा शेकडा १० ते २५ ने हळू फिरवतात, म्हणजे त्या सुरकुत्या ओढून सपाट होत नाहीत. टिश्यूचा मऊपणा, त्याचं ताणलं जाणं, पाणी पिणं, यातलं बहुतेक त्या पट्टीच्या टोकावर ठरतं.

चांगला मऊ नॅपकिन घ्या आणि हळू ओढून पाहा. एका दिशेने तो थोडा ताणेल, दुसऱ्या दिशेने लगेच फाटेल. ताणतो ती मशीनची दिशा. आमच्या फ्लोअरवर ब्लेड बोथट व्हायला लागली की मीटरच्या आधी बोटांना कळायचं. कागदाला खरखर यायची, हवेत धूळ वाढायची.

शेवंती_कळंब
काका, आत्ताच घरातला नॅपकिन ओढून पाहिला. तो कुठल्याच दिशेने ताणत नाही. एका बाजूने चकचकीत आहे अन् तोंड पुसलं की घसरते. हा कोणता मग?

कागदकाका
तो क्रेप केलेला नाहीच. लहान कारखाने एका गुळगुळीत सिलिंडरवर पातळ कागद नुसता सुकवतात. सिलिंडरला टेकलेली बाजू चकाकते. बाजारात त्याला हार्ड टिश्यू म्हणतात, क्रेपवाल्याला सॉफ्ट. हार्ड स्वस्त पडतो म्हणून ढाब्यावर तोच दिसतो. पाणी तो फारसं पीत नाही. रोलचा भाव विचाराल तेव्हा हार्ड का सॉफ्ट हे पहिलं विचारा.

रसायन_अमरावती
काकांनी मऊपणाचं सांगितलं, मी ओल्या ताकदीचं सांगते. पॉलिमरमध्ये काम करते, कागद हा शेजारचा विषय.

कागदाचे तंतू एकमेकांना धरून असतात ते हायड्रोजन बंधांनी. पाणी आलं की ते बंध सुटतात आणि कागदाच्या ताकदीचा अगदी थोडा भाग उरतो. तर्रीबाजभाऊंच्या मिशीचं कारण हेच. यावर १९३० आणि ४० च्या दशकांत युरिया-फॉर्मल्डिहाइड, मेलामाइन-फॉर्मल्डिहाइड अशी रेझिनं, म्हणजे तंतू ओले झाले तरी बांधून ठेवणारी रसायनं, आली. पण ती पक्की व्हायला लगदा आम्लधर्मी ठेवावा लागायचा. त्याने कागद कडक आणि ठिसूळ व्हायचा, यंत्रालाही गंज लागायचा. मग हर्क्युलिस कंपनीतल्या जेराल्ड कीम यांनी पॉलिअमाइड-एपिक्लोरोहायड्रिन रेझिन काढलं, पेटंटं १९६० ची. हे आम्लाशिवाय चालतं आणि कागद मऊ राहतो. ओट्यावर पाणी पुसायचा जो किचन रोल मिळतो, तो पिळला तरी लगेच विरत नाही, त्याचं श्रेय या रेझिनाला.

टॉयलेट पेपरमध्ये मात्र हे घालायचं नसतं, तो पाण्यात विरायलाच हवा. म्हणजे एकाच कागदाकडून दोन उलट अपेक्षा. ताई, एक सोपी परीक्षा: दोन ग्लास पाणी, एकात नॅपकिन, एकात किचन रोलचा तुकडा, चमच्याने ढवळा.

तर्रीबाज
केली परीक्षा! नॅपकिनची खीर झाली. किचन रोल दोन मिनिटं ढवळूनही अख्खा निघाला. बायको म्हणते, ग्लास आता तुम्हीच घासा.

वाचनवेडी_वर्धा
मला या विषयाचा इतिहास फार आवडतो. सेथ व्हीलर म्हणून न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीचे गृहस्थ. गुंडाळायच्या कागदाला ओळीने भोकं पाडून तो हव्या तिथे तोडायची कल्पना त्यांची, पेटंट १८७१ चं. पुढे १८९१ मध्ये त्यांनीच टॉयलेट रोलचं पेटंट घेतलं. त्या पेटंटच्या चित्रात कागद रोलच्या वरून, आपल्या बाजूला लोंबताना दाखवला आहे. रोल वरून लावायचा की खालून, या भांडणाचा निकाल लोक आजही त्या चित्रावरून लावतात.

पण शेवंतीताईंना सांगायची गोष्ट वेगळीच. पहिल्या महायुद्धाच्या काळात कापसाची चणचण होती. जखमांवर लावायला कापूस पुरेना. किंबर्ली-क्लार्क या अमेरिकन कंपनीने लाकडाच्या लगद्याचा, क्रेप केलेल्या थरांचा एक पदार्थ बाजारात आणला, नाव सेल्युकॉटन. कापसापेक्षा स्वस्त, आणि द्रव शोषण्यात कापसाहून सरस. युद्धावरच्या नर्सनी तो पाळीच्या दिवसांत वापरायला सुरुवात केली. युद्ध संपलं, गोदामं भरलेली राहिली, आणि १९२० मध्ये त्यातून कोटेक्स आलं. १९२४ मध्ये क्लीनेक्स आलं ते चेहऱ्यावरची क्रीम पुसायला. लोक त्यात नाक शिंकरू लागले, तसं लिहून कळवू लागले, तेव्हा कंपनीने १९३० मध्ये जाहिरातच बदलून रुमाल म्हणून विकायला घेतलं. एक ओढला की दुसरा आपोआप वर येतो तो डबा १९२८ च्या सुमाराचा. त्यातली घडी एकमेकींत अडकवण्याची युक्ती साधी दिसते, पण तो स्वतंत्र शोध आहे.

पांढरं_सोनं
म्हणजे टिश्यूचा जन्मच आमच्या कापसाला पर्याय म्हणून झाला! वणीकडे शेती आहे माझी, कापसाशिवाय दुसरं काही पिकवलं नाही. मग ताईचा प्रश्न मी पुन्हा विचारतो. कापूस मऊ, कापूस पाणी पिते, कापूस पांढरा. लाकूड शिजवून, ब्लीच करून कापसासारखं करायचं, त्यापेक्षा कापसाचाच टिश्यू करा ना. जिनिंगवाल्याकडे, तेल गिरणीकडे किती बारीक कापूस वाया जाते.

रसायन_अमरावती
@पांढरं_सोनं दादा, तीन अडचणी आहेत.

कापसाचा धागा २५ ते ३० मिलिमीटर लांब. एवढा लांब तंतू पाण्यात गुंता करतो, जाळीवर सारखा पसरत नाही. कागदासाठी तो कापून, कुटून लहान करावा लागतो. पाइनसारख्या झाडांचा तंतू साधारण ३ मिलिमीटर, निलगिरीचा १ च्या आत. टिश्यूमध्ये लांब तंतू ताकद देतो, आखूड तंतू मखमली स्पर्श.

सरकीला चिकटून राहतो तो बारीक कापूस, लिंटर, त्याची लांबी कागदाला चालते. पण त्याला आधीच चांगले भाव देणारे लोक आहेत. आपली नोट ज्या कागदावर छापतात तो शंभर टक्के कापसाचा. जो माल नोटेच्या कागदाला चालतो, तो ढाब्यावर तर्री पुसायला कोण देईल?

आणि तिसरं, सेल्युकॉटनने कापसाला मागे टाकलं ते नुसत्या भावाने नाही. क्रेपच्या थरांमध्ये पोकळी असते आणि द्रव त्या पोकळीत धरून ठेवला जातो.

आशा_मारेगाव
रसायनताईंच्या बोलण्यावरून आठवलं. कोइम्बतूरचे अरुणाचलम मुरुगनंतम, ज्यांनी सॅनिटरी पॅडचं स्वस्त मशीन काढलं, तेही आधी कापसाचेच पॅड बनवत होते आणि ते टिकत नव्हते. कंपनीच्या पॅडमध्ये कापूस नसून लाकडाचा सेल्युलोज आहे हे कळल्यावर त्यांचं काम मार्गी लागलं. आणि त्यांनी नेमकं ते केलं जे शेवंतीताई विचारतात. कंपन्यांचं कोट्यवधींचं यंत्र मोडून साध्या, वेगवेगळ्या पायऱ्या केल्या: लगदा पिंजायचा, दाबायचा, गुंडाळायचा, निर्जंतुक करायचा. बायका सहज चालवतात. लगदा मात्र विकतच घ्यावा लागतो, हेही खरं. मी आशा कार्यकर्ती आहे, गावात पॅडचा प्रश्न नॅपकिनपेक्षा मोठा आहे. गटाने हाही विचार करावा.

झाडीपट्टी_भंडारा
आमच्या धानाच्या तणसाचं काय? भंडारा-गोंदियात कापणीनंतर ढिगानं असते.

कागदकाका
तणसाचा कागद होतो, जुन्या काळी पुठ्ठा त्याचाच व्हायचा. पण तणसात सिलिका, म्हणजे वाळूत असतो तो पदार्थ, भरपूर. लगदा शिजवल्यावर जे काळं पाणी उरतं ते आटवून, जाळून त्यातलं रसायन परत काढतात. तीच कारखान्याची बचत आणि तेच नदीचं रक्षण. सिलिका त्या यंत्रणेत दगडासारखी बसते. शिवाय तंतू आखूड, जाळीवर पाणी लवकर गळत नाही, मशीन हळू चालवावी लागते.

पऱ्हाटीचं लाकूड तंतूच्या दृष्टीने चांगलं आहे, निलगिरीच्या जवळ जाणारं. तिथे अडतं ते साल, माती आणि गोळा करण्यावर. एकेका शेतात थोडी थोडी, वजनाला हलकी, ट्रक लवकर भरतो आणि वजन भरत नाही. मुंबईच्या सिरकॉट या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करून दाखवलं आहे. संस्थेचं जिनिंगचं केंद्र नागपुरातच आहे. पऱ्हाटीवर काही करायचं तर आधी तिथे विचारा.

आणि ताई, स्पष्ट सांगतो. लगदा शिजवणं हे गावपातळीचं काम नाही. काळ्या पाण्याची नीट सोय लहान कारखान्याला परवडत नाही, मग ते नाल्यात जातं. एक टन कागदामागे कित्येक हजार लिटर पाणी लागतं. यवतमाळात उन्हाळ्यात टँकर फिरतात. तिथे हा उद्योग येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

यंत्रमित्र_बुटीबोरी
काकांच्या क्रेपिंगनंतरचा मोठा शोध सांगायचा राहिला. प्रॉक्टर अँड गँबलच्या सॅनफर्ड आणि सिसन यांचं १९६७ चं पेटंट. तोवर ओल्या कागदातलं पाणी आधी रोलरखाली दाबून काढायचे. दाबलं की तंतू एकमेकांवर बसतात, कागद चपटा होतो. यांनी ठरवलं, दाबायचंच नाही. नक्षीदार जाळीवर कागद ठेवून त्याच्या आरपार गरम हवा ओढायची. कागद जाळीच्या उंचसखल आकारात सुकतो, फुगीर राहतो, तेवढ्याच वजनात कितीतरी जास्त पाणी पितो. १९७६ चं आणखी एक पेटंट त्याच कंपनीचं: एकाच कागदात थर करायचे, बाहेरच्या बाजूला आखूड मऊ तंतू, आत लांब मजबूत. हात लागतो तिथे मऊपणा, ताण पडतो तिथे ताकद. मला हा सगळ्यात हुशार शोध वाटतो, कारण त्यात नवं रसायन नाही, आहे तोच माल योग्य जागी ठेवला आहे.

हवेने सुकवण्याला किंमत आहे ती इंधनाची. जे पाणी दाबून फुकट निघालं असतं ते उष्णता जाळून काढावं लागतं.

आजोबांचा_दुपट्टा
वाचून राहिलो केव्हाचा. एवढी उष्णता, एवढं पाणी, एवढी झाडं, अन् ते सगळं एकदा तोंड पुसून फेकायला. आमच्या पंगतीत जेवण झालं की ड्रमातल्या पाण्याने हात धुवायचे, दुपट्ट्याला पुसायचे, काम संपलं. आता लग्नाचा मंडप उठला की वावरात पांढरे बोळे उडत असतात. ज्याची गरज नव्हती त्याची सवय लावायचा धंदा बचत गटाने का करावा, हा माझा सरळ प्रश्न आहे.

केटरर_वहिनी_आर्णी
काकाजी, मान ठेवून बोलते. दुपट्टा तुमचा एकट्याचा असतो. आमच्याकडे पाचशे लोकांच्या बुफेत हात धुवायच्या जागी एक टॉवेल टांगतात अन् शंभर लोक त्यालाच पुसतात. तो टॉवेल संध्याकाळपर्यंत पाहवत नाही. सर्दी-खोकल्याच्या दिवसांत तर नकोच. कागद तिथे हवाच. वावरात बोळे उडतात तो दोष डबा न ठेवणाऱ्यांचा. मी दर टेबलाजवळ पिंप ठेवते अन् उष्ट्या पत्रावळींसोबत नॅपकिन उकिरड्यात जाते. साधा नॅपकिन पावसाळाभरात कुजते.

रसायन_अमरावती
वहिनींचं बरोबर. साधा नॅपकिन लवकर कुजतो, रेझिनवाला किचन रोल थोडा वेळ घेतो. पण डब्यातले ओले वाइप्स यात धरू नका. ते बहुतेक वेळा टिश्यू नसतातच. त्यात पॉलिएस्टरसारखे धागे असतात, ते कुजत नाहीत. संडासाच्या शोषखड्ड्यात टाकले तर खड्डा तुंबतो.

गडचिरोलीकर
बांबूचा विषय कोणीच काढला नाही म्हणून लिहितो. मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये ग्रामसभेच्या हाती वाहतूक परवाने आले आणि गावाने स्वतःचा बांबू स्वतः विकला. त्याआधी बांबू आमच्या जंगलातला आणि करार दुसऱ्याचा, असं पिढ्यान् पिढ्या चाललं. आता ताडोब्याच्या रिसॉर्टमध्ये "बांबू टिश्यू" म्हणून महाग डबे ठेवलेले दिसतात आणि मनात येतं, हा बांबू कुठला?

कागदकाका
तुमचा प्रश्न मलाही लागतो. बांबूचा तंतू साधारण दीड ते अडीच मिलिमीटर, निलगिरीपेक्षा लांब, पाइनपेक्षा थोडा आखूड. टिश्यूला उत्तम. यंत्रमित्रांनी सांगितलेल्या आतल्या थराचं काम तो चांगलं करू शकतो. डब्यावर बांबू लिहिलं असेल तर किती टक्के ते पाहा. आमच्या पट्ट्यातला बांबू वर्षानुवर्षं लिहिण्याच्या कागदात गेला. त्याचा टिश्यू इथेच व्हावा हे माझं स्वप्न आहे, पण ते मोठ्या, पाण्याची नीट व्यवस्था असलेल्या कारखान्यातच, आणि ग्रामसभेला तिचा भाव मिळून.

वाचनवेडी_वर्धा
शेवंतीताई, कागद स्वतःच बनवायची ओढ असेल तर वर्धेला या. १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला, जे. सी. कुमारप्पा त्याचे सचिव. मगनवाडीत तेव्हा हातकागदाचं काम चालायचं. मगन संग्रहालय आजही आहे, आणि ग्रामीण औद्योगिकीकरणाची राष्ट्रीय संस्था एमगिरीसुद्धा वर्धेतच आहे. हातकागदाला चिंध्या चालतात, लगदा शिजवून काळं पाणी करावं लागत नाही, नुसता कुटायचा. त्याचा टिश्यू होणार नाही, कारण क्रेप करायला तो सिलिंडर हवा. पण पिशव्या, फाइली, लग्नपत्रिका होतात. कुमारप्पांचा आग्रह होता की गावाचा कच्चा माल गावातच पक्का व्हावा. तुमचा पहिला प्रश्न नेमका तोच आहे.

दर्यापूरचा_दादा
आता जरा धंद्याचं बोलू. आमच्या भावकीतल्या गटाने एका विक्रेत्याकडून नॅपकिनचं मशीन घेतलं. नाव नाही घेत. "तुम्ही बनवा, माल आम्हीच परत घेऊ" असं तोंडी आश्वासन. मशीन आलं, पहिला माल घेतला, दुसऱ्या वेळी "क्वालिटी बसत नाही" म्हणून परत. रोल मात्र त्याच्याकडूनच अन् बाजारापेक्षा महाग. पोरींनी मग स्वतः दुकानं धरली, केटरर धरले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. म्हणून सांगतो ताई, परत खरेदीच्या बोलीवर मशीन घेऊ नका. आधी गिऱ्हाईक बांधा, दुसरे दोन रोलवाले पाहा, मग मशीन.

वजनाचा हिशेब शिकून घ्या. ३० बाय ३० सेंटिमीटरचा एकेरी नॅपकिन, १८ जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला १८ ग्रॅमचा) कागद, तर एका नॅपकिनचं वजन १.६२ ग्रॅम. शंभर नॅपकिन १६२ ग्रॅम भरले पाहिजेत. एक किलो कागदात ६१७ निघतात, कटाईतली नासाडी वेगळी. रोलवाला १८ सांगते अन् निघते कमी, ते या वजनावरून कळते. अन् बाजारातली शंभरची पाकिटं मोजून पाहा, पुष्कळदा शंभर नसतात. तुमच्यात शंभर असू द्या. आमच्या पोरींचं गिऱ्हाईक त्याच्यावरच टिकलं.

यंत्रमित्र_बुटीबोरी
दादांनी छान लिहिलं. दोन गोष्टी जोडतो. थ्री फेज लागणारं मशीन असेल तर गावठाण फीडरवर जोडणी मिळते का ते आधी महावितरणकडे विचारा. शेतीच्या फीडरवर पाळीने वीज येते, त्यावर हा धंदा होत नाही.

दुसरं, आपला मे महिना. हवा कोरडीठाक, कागद पळताना घासून स्थिर वीज तयार होते, नॅपकिन एकमेकांना आणि पत्र्याला चिकटतात, घडी वाकडी पडते, मोजणी चुकते. मोठ्या कारखान्यात त्यासाठी वेगळी पट्टी बसवतात. खोलीत कूलर लावला तरी पुष्कळ फरक पडतो, फक्त त्याचा झोत सरळ रोलवर नको. मशीनच्या सांगाड्याला अर्थिंग नीट करून घ्या. पावसाळ्यात उलट, कागद दमट होतो, नक्षी नीट उमटत नाही. रोल भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर, प्लॅस्टिकमध्ये ठेवा.

आशा_मारेगाव
कर्जाचं: पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या महिलांना प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान आहे, स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात. अर्ज ऑनलाइन भरतात. जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन नीट समजून घ्या, दलालाला पैसे देऊ नका.

आजोबांचा_दुपट्टा
केटरर वहिनींचं टॉवेलाचं बोलणं पटलं. दुपट्टा सोडणार नाही, पण शंभर लोकांच्या टॉवेलापेक्षा कागद बरा. शेवंतीताई, तुमच्या नॅपकिनवर "वापरून डब्यात टाका" एवढं मराठीत छापा. त्याच मशीनवर छपाई होते म्हणतात.

शेवंती_कळंब
सगळ्यांचे फार आभार. गटाच्या बैठकीत मी हा धागा मोठ्यानं वाचून दाखवला. ग्लासाची परीक्षाही तिथंच करून पाहिली.

आम्ही असं ठरवलं. लगदा अन् रोल बनवायच्या मागे लागायचं नाही, पाण्याचं काकांनी सांगितलं ते सगळ्यांना पटलं. नॅपकिनचं मशीन घ्यायचं, पण परत खरेदीवाल्या माणसाकडून नाही. आधी ढाब्यांवर अन् केटररकडे हार्ड आणि सॉफ्ट दोन्ही नमुने देऊन पाहायचे, कोणता किती जाते ते लिहून ठेवायचं. अर्ज भरायच्या आधी वर्धेला जाऊन हातकागदाचं काम पाहून येऊ. गटातल्या दोघी शिवणकाम करतात, त्यांच्याकडे सुती चिंध्या पोत्यानं पडल्या आहेत. आशाताई, पॅडच्या मशीनचं पुढच्या बैठकीत घेतलं आहे, तुम्ही यायला पाहिजे.

काका, एकच विचारते. रोल घ्यायला गेलो की तिथे काय पाहायचं?

कागदकाका
पाच मिनिटांचं काम आहे ताई. रोलच्या दोन्ही कडा पाहा. कापलेल्या, सरळ असाव्यात, कुठे दबलेल्या किंवा ओल्याचे डाग नसावेत. अंगठ्याने कडेपासून मधापर्यंत दाबत जा, घट्टपणा सगळीकडे सारखा लागला पाहिजे. एका बाजूला ढिला असेल तर मशीनवर तो तिरका पळेल. चार-पाच वेढे उलगडून उजेडासमोर धरा, भोकं आणि ठिपके दिसतील. दोन्ही दिशांना ओढून पाहा, सॉफ्ट म्हणून देत असतील तर ताणलाच पाहिजे. काळ्या कापडावर घासा, पांढरी धूळ खूप पडली तर तो रोल घेऊ नका, पोरींच्या नाकातोंडात जाईल. आणि रोलची रुंदी तुमच्या नॅपकिनच्या मापाला बसते का ते टेपने मोजा. ३० च्या नॅपकिनसाठी ३३ चा रोल गळ्यात मारतात आणि मग ३ सेंटिमीटरची पट्टी दिवसभर रद्दीत जाते.

केटरर_वहिनी_आर्णी
शेवंतीताई, नमुन्याची पाकिटं माझ्याकडे आधी पाठवा. तुळशीचं लग्न झालं की माझे मंडप सुरू होतात. सॉफ्टच पाठवा, अन् शंभर मोजून.